सिरियाना: तेलाच्या सिनेमातला तो बस पकडणारा पोरगा

कृष्णाकाठ (सांगली) · शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या, खाली शेवटासकट सगळं फुटणार आहे.

सिरियाना २००५ चा. लेखक-दिग्दर्शक स्टीफन गेगन, आणि जॉर्ज क्लूनीला ह्याच्यासाठी सहाय्यक भूमिकेचं ऑस्कर मिळालं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वालचंदला होतो, हॉस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरसमोर आठजण दाटीवाटीनं बसलो होतो, अर्ध्या तासात पाचजण उठून गेले आणि उरलेल्या तिघांना शेवटपर्यंत कोण कुणाला का मारतंय ते कळलं नाही. मग मधे एकदा टीव्हीवर लागला होता तेव्हा तुकड्यातुकड्यानं बघितला. काल रात्री तिसऱ्यांदा, सलग, दिवे बंद करून.

काल बघायचं कारण असं की मार्चमधे आमचे अण्णा गेले, माझे धाकटे चुलते. अण्णा कुवेतला वेल्डर होते. परवा त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, त्यात जुना पासपोर्ट, कुवेतचा बताका (तिथलं ओळखपत्र), कसले कसले फॉर्म, एक अरबीतली पावती. ते सगळं हातात घेऊन बसलो आणि का कुणास ठाऊक हाच सिनेमा आठवला.

आता ज्यांचा गोंधळ होतो त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमाला चार धागे आहेत. एक सीआयएचा जुना माणूस बॉब (क्लूनी), जो तेहरानमधे क्षेपणास्त्रं विकायचं नाटक करतो आणि त्यातलं एक भलत्याच्याच हातात जातं. दुसरा जिनिव्हातला ऊर्जा-विश्लेषक (मॅट डेमन), एका अमीराच्या घरच्या पार्टीत तलावातल्या दिव्याच्या करंटनं त्याचा लहान पोरगा जातो आणि त्यातनंच त्याचं राजपुत्र नासिरशी काम जमतं. तिसरा वॉशिंग्टनचा वकील (जेफ्री राइट), कॉनेक्स आणि किलेन ह्या दोन तेल कंपन्यांच्या विलीनीकरणात काय काळंबेरं आहे ते शोधायला त्याला नेमलंय. आणि चौथा वसीम, आखातात रिफायनरीवर काम करणारा पाकिस्तानी पोरगा, बापाबरोबर लेबर कॅम्पात राहणारा.

पोस्टरवर क्लूनी आहे म्हणून सगळे ह्याला हेरगिरीचा सिनेमा म्हणतात. मला काल वाटलं की सिनेमा वसीमचा आहे. सुरुवात बघा, वाळवंटात पहाट होतेय आणि मजुरांची झुंड बसमधे शिरायला धडपडतेय. अख्खा सिनेमा ज्या करारांवर, ज्या बोर्डरूममधल्या सह्यांवर चाललाय त्या सगळ्याचं वजन शेवटी येऊन पडतं ते ह्या बसमधे जागा मिळवायला धावणाऱ्या पोरावर. गॅस फील्ड अमेरिकन कंपनीकडनं चिन्यांकडं जातं, वॉशिंग्टनमधे त्यावर बैठका बसतात, आणि इकडं बाप-लेकाचं काम जातं. काम गेलं की देशात राहायचा हक्क गेला. एवढंच.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मला ह्याच्यावर खरंच बोलायचंय.

---

अजिंक्यतारा (सातारा) · रविवार, सकाळी ७:३०

कृष्णाकाठ, अण्णांचं वाचून वाईट वाटलं.

सिनेमाबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं. मी दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा मला राग आला. विषय चांगलाय, कलाकार चांगलेत, पण प्रेक्षकाला मुद्दाम अंधारात ठेवायचं म्हणजे हुशारी असं दिग्दर्शकाला वाटतंय. कोण कुणाचा बॉस, कोण कुणाचा वकील, कुठल्या शहरात आहोत, काहीही नीट सांगत नाही. वकिलाच्या भागात तर दहा नावं एकदम कानावर पडतात. थ्रिलर म्हटलं की पुढं काय होणार ह्याची धाकधूक पाहिजे ना, मग कशाची धाकधूक धरायची तेच कळत नसेल तर काय उपयोग? आणि तुम्ही म्हणताय वसीमचा सिनेमा, पण वसीमला मोजून बघा पडद्यावर किती वेळ दिलाय.

---

कृष्णाकाठ · रविवार, सकाळी ८:१५

दादा, तुमचा राग मला मान्य आहे, पहिल्या खेपेला मलाही तसंच झालं होतं. पण काल एक गोष्ट ध्यानात आली, त्या सिनेमातल्या एकाही माणसाला पूर्ण चित्र दिसत नाही. बॉबला माहीत नाही आपल्याला ज्याला मारायला सांगितलंय तो राजपुत्र का नकोसा झालाय. विश्लेषकाला माहीत नाही बॉब कोण. वकिलाला वसीम नावाचा कुणी जगात आहे ह्याचा पत्ता नाही, आणि वसीमला कॉनेक्स-किलेन विलीन झाल्यानं जगात काय फरक पडला ते कधीच कळणार नाही. मग आपल्याला तरी वरनं सगळं दिसावं का? धाकधूक मला ह्याच्यात वाटली की ही माणसं एकमेकांना न ओळखता एकमेकांचं आयुष्य संपवत चाललीत.

तेहरानमधे हरवलेलं ते हत्यार आठवा. पहिल्या दहा मिनिटांत हातातनं निसटतं, आणि शेवटी वसीमच्या बोटीत येतं.

---

डिझेलवाला (पलूस) · रविवार, सकाळी ९:०५

नमस्कार. आमचा पंप आहे, वडलांच्या काळापासनं. हजारवाडीच्या डेपोतनं टँकर येतो, त्यात डिपस्टिक घालून लेव्हल बघायची, डेन्सिटी घ्यायची, मग खाली करायचा, हे मी लहानपणापासनं करायलोय. त्यामुळं मला ह्या सिनेमात सगळ्यात खरा वाटला तो डेमनचा विश्लेषक. लोक म्हणतात त्याचा भाग कंटाळवाणा, मला नाही वाटला.

तेलाचा भाव हा पंपावर ठरत नाही आणि विहिरीवरही ठरत नाही, तो ह्या जिनिव्हा-लंडन-न्यूयॉर्कमधे स्क्रीनसमोर बसलेल्या लोकांच्या भीतीवर ठरतो. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. जुलै २००८ ला ह्या बॅरलचा भाव १४७ डॉलरला गेला होता. आणि २० एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमधे, अमेरिकेतला वायद्याचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला, कारण तेल साठवायला टाक्याच रिकाम्या नव्हत्या. आमच्याकडं तेव्हा लोक विचारायचे, काका भाव उणे झालाय मग पेट्रोल फुकट द्या की. मी काय सांगणार, त्याच मे महिन्यात सरकारनं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली, म्हणजे जगात पडलेला भाव इथं येईपर्यंत करात मुरला.

पूर्वी दर बदलायचा तेव्हा पंधरा दिवसांनी बदलायचा, बातमी आली की पंपावर रात्री रांगा. २०१७ च्या जूनपासनं रोज सकाळी सहाला बदलायची पद्धत आली. पेट्रोलवरचं नियंत्रण २०१० ला गेलं, डिझेलवरचं २०१४ ला. माणसं आता भावाकडं बघत पण नाहीत, पाचशेचं टाक म्हणतात. पण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाला येतो ना, तो बघतो. त्याला एका खेपेला किती डिझेल जातं आणि किती वाचतं हे तोंडपाठ असतंय. त्या माणसाच्या खिशाची दोरी होर्मुझच्या सामुद्रधुनीला बांधलेली आहे, जगातलं रोजचं पाचातलं एक बॅरल तिथनं जातं. भारत ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरनं आणतो, मग दुसरं काय होणार.

आणि सिनेमातला तो प्रसंग, पोरगा गेल्यावर राजपुत्र त्याला भरपाई म्हणून मोठं कंत्राट देऊ करतो आणि बाप आधी भडकतो पण शेवटी ते घेतो. तो प्रसंग मी नीट बघू शकलो नाही. उठून पाणी पिऊन आलो.

---

सुगंधाताई (सातारा) · रविवार, दुपारी १२:४०

मी इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. वरचं सगळं वाचलं. तुम्ही सगळे हा सिनेमा अमेरिका आणि आखात ह्यांचा म्हणून बघताय, मला बघताना सारखा आपला सातारा आठवत होता. जरा लांबण लागेल, पण लिहिते.

इराणमधे मस्जिद-ए-सुलेमान इथं २६ मे १९०८ ला तेल लागलं. त्यातनं अँग्लो-पर्शियन कंपनी निघाली आणि अबादानला रिफायनरी उभी राहिली. त्याच सुमाराला ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर जात होतं, चर्चिल तेव्हा आरमाराचे मंत्री होते, आणि १९१४ मधे ब्रिटिश सरकारनं त्या कंपनीचे ५१ टक्के शेअर्स घेतले. म्हणजे ज्याच्या जहाजांना तेल लागणार त्यानंच विहीर ताब्यात घेतली. मग ऑगस्टमधे महायुद्ध पेटलं. तुर्क जर्मनीकडनं उतरले तसं ६ नोव्हेंबर १९१४ ला ब्रिटिशांनी शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, आताच्या इराकमधल्या फाओला सैन्य उतरवलं, अबादानची रिफायनरी आणि तेलाची पाइपलाइन सुरक्षित ठेवणं हे त्या मोहिमेचं एक मुख्य कारण होतं.

ते सैन्य कुणाचं? पुणे डिव्हिजनचं. उतरलेल्या पहिल्या ब्रिगेडमधे ११७ वी मराठा पलटण होती. २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. पुढं १०३ वी आणि ११० वी मराठा पण त्याच डिव्हिजनमधनं बगदादच्या दिशेनं वर गेली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाराला वेढ्यात अडकली. जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्मामुळं ते खायला नकार दिला आणि अशक्त होत गेले. शेवटी शरणागती. मग कैद्यांची वाळवंटातनं पायपीट, त्यात किती मेले.

आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. मी पोरांना तिथं सहलीला न्यायची. पोरं विचारायची, बाई, हे कशासाठी लढले? पुस्तकात लिहिलंय साम्राज्यासाठी. मी पुस्तकातलंच सांगायची. मेसोपोटेमियाचं तेल कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते पुष्कळ उशिरा नीट समजलं. त्याची मला अजून खंत आहे.

म्हणून कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा मला पटतो. तेलाच्या गोष्टीत सही करणारा एक असतो आणि बसमधे, बोटीत, खंदकात बसणारा वेगळाच असतो. आणि तो शंभर वर्षं इथनंच गेलाय.

---

अजिंक्यतारा · रविवार, दुपारी १:२०

ताई, मी साताऱ्यात वाढलो, आमच्या भावकीतच दोन घरं पलटणीतली, आणि हे मला कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं. कूतचं नाव नुसतं ऐकून होतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

---

खंबाटकी (वाई) · रविवार, दुपारी ३:१०

ताईंची माहिती फारच मोलाची. पण मला एक खटकतंय ते बोलून टाकतो, राग मानू नका.

सिनेमात वसीमची नोकरी जाते, रांगेत बोलला म्हणून पहारेकऱ्यांचा मार खातो, मग मदरशात जातो, तिथं जेवण मिळतं, अरबी शिकता येतं म्हणून, आणि शेवटी स्फोटकं भरलेली बोट घेऊन टँकरवर जातो. म्हणजे बेकारी झाली की माणूस आत्मघाती होतो असं सिनेमा सांगतोय का? हे मला पटत नाही. असं दाखवलं की जो दुसऱ्यांना मारायला गेला त्याच्याबद्दलच आपल्याला वाईट वाटायला लागतं. असे हल्ले खरे झालेत, २००२ ला येमेनजवळ लिंबर्ग नावाच्या फ्रेंच टँकरवर अशीच बोट धडकवली होती. त्या टँकरवर पण कामगारच होते की. त्यांच्या घरची गोष्ट कोण सांगणार?

---

जुबेलकर (खानापूर तालुका, सध्या सौदी) · रविवार, संध्याकाळी ६:४५

मी ह्यावर बोलू शकतो कारण मी सध्या जुबेलला आहे, पाइप फिटर, अकरा वर्षं झाली. आज ड्युटी संपवून रूमवर बसून टाइप करालोय. आमच्या खानापूर-विट्याकडची माणसं गलाई (सोनं-चांदी गाळायचं काम) करायला अख्ख्या भारतात गेली, मी सोनं सोडून लोखंडाकडं आलो एवढाच फरक.

पहिलं सांगतो काय खरंय ते. ती बस खरीय. शटडाऊनचं काम असलं, म्हणजे रिफायनरीचं एखादं युनिट बंद करून दुरुस्ती चालू असली की पहाटे साडेतीनला उठायचं, चारला बस. उशीर झाला तर त्या दिवसाची हजेरी गेली. बसमधे कुणी बोलत नाही, सगळे झोपलेले, डोक्यावर हेल्मेट मांडीवर डबा. गेटवर एक एक करून पास दाखवायचा. आत गेल्यावर गॅस टेस्ट झाल्याशिवाय आणि परमिट आल्याशिवाय हात लावायचा नाही, लाइन उघडताना वारा कुठल्या बाजूचा आहे बघायचा, कारण एचटूएस गॅस सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो पण जास्त असला की नाकच बधिर करतो, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा मेला. हे सगळं सिनेमात नाहीये पण त्या बसमधल्या पोरांच्या चेहऱ्यावर जी झोप आहे ना ती बरोबर आहे.

दुसरं खरंय ते कागदाचं. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कंपनीच्या नावावर. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपण आलो तो मालक, बदलायचा तर पूर्वी त्याच्या मर्जीशिवाय होत नव्हतं, आता नियम थोडे सैल झालेत. माझ्या पहिल्या कंपनीनं (नाव सांगत नाही) माझा पासपोर्ट चार वर्षं लॉकरमधे ठेवला, पाच महिने पगार दिला नाही, मग एका सकाळी फोरमननं सांगितलं प्रोजेक्ट दुसऱ्याकडं गेला. बस्स. वर कोण विकलं कोण विकत घेतलं आम्हाला काय माहीत. घरी एजंटचं कर्ज होतं, व्याजानं काढलेलं. वसीमच्या बापाच्या तोंडावर जी लाज आहे, पोरासमोर आपण काहीच करू शकत नाही ही, ती मी आरशात बघितलेली आहे.

आता खंबाटकीभाऊ, तुमच्या मुद्द्यावर. अर्धं तुमचं बरोबर आहे. आमच्या कॅम्पात तेव्हा सातशे माणसं होती, बिहारची, केरळची, नेपाळची, पाकिस्तानची, बांगलादेशी. सगळ्यांची नोकरी एकाच दिवशी गेली. एकानंही कुणाला दगड मारला नाही. कुणी दुसरीकडं चोरून कामाला लागलं, कुणी दूतावासात चकरा मारल्या, बहुतेक सगळे कर्ज घेऊन घरी गेले आणि परत एजंट शोधला. सिनेमानं जो रस्ता दाखवला तो हजारात एकाचा पण नाही. सिनेमाला शेवटी स्फोट पाहिजे म्हणून तो एक निवडला. ह्याच्यावर माझा राग आहे, कारण सिनेमा बघितलेला माणूस उद्या विमानतळावर माझ्यासारख्याकडं त्याच नजरेनं बघणार.

पण जेवणाचं जे दाखवलंय ते खोटं नाही. काम गेल्यावर आमचं मेस बंद झालं. तेव्हा आम्हाला जेवायला कुणी घातलं, तर शेजारच्या कॅम्पातल्या एका मल्याळी म्हाताऱ्यानं, रोज भाताचं पातेलं पाठवायचा. आमचं नशीब की भात पाठवणारा तो होता. माणूस उपाशी असला की जो ताट पुढं करतो त्याचं ऐकतो, इतकं मात्र सिनेमानं बरोबर पकडलंय.

---

माईघाट (सांगली) · रविवार, रात्री ८:३०

जुबेलकरदादा, तुमचं वाचून रडू आलं. आमचे हे सहा वर्षं मस्कतला होते. आम्हाला फोनवर कधीच काही सांगितलं नाही. जेवलास का, हो जेवलो. पगार झाला का, होईल. परत आल्यावर दोन वर्षांनी एकदा सहज बोलता बोलता कळलं की तिथं तीन महिने पाणी पण मोजून मिळत होतं.

सिनेमाबद्दल एवढंच म्हणेन की त्यात बायका जवळपास नाहीतच. विश्लेषकाची बायको तेवढी आहे, पोरगा गेल्यावर ती त्या पैशाकडं ज्या नजरेनं बघते तो सिनेमातला मला सगळ्यात खरा क्षण वाटला. वसीमच्या आईचा विषय नुसता बोलण्यापुरता. गावाकडं फोनची वाट बघत बसलेल्या त्या बाईची पण गोष्ट तेलाचीच आहे.

---

अजिंक्यतारा · रविवार, रात्री ९:१५

मी आज संध्याकाळी परत लावला. आधीच्या मतातला अर्धा भाग मागे घेतो. गोंधळ आहेच, त्याच्यावर मी ठाम आहे. पण वकिलाचा भाग ह्या वेळी नीट समजून घेतला आणि हादरलो. त्याला भ्रष्टाचार सापडतो. किलेननं कझाकस्तानातलं तेंगिझचं तेल लाच देऊन मिळवलेलं असतं. आणि मग कुणालाही विलीनीकरण थांबवायचं नसतं, सरकारला फक्त आपण काहीतरी कारवाई केली असं दाखवायचं असतं, म्हणून एकदोन माणसं बळी द्यायची. वकील आधी एक छोटा माणूस देतो, ते पुरत नाही म्हणून स्वतःच्या वरिष्ठाला देतो.

थोडं वाचलं तर हे हवेतनं आलेलं नाही. तेंगिझ हे खरं फील्ड आहे, शेव्हरॉन तिथं १९९३ पासून आहे. परदेशी सरकारांना लाच देऊ नये असा अमेरिकेत १९७७ पासून कायदा आहे, आणि कझाकस्तानच्या तेलासाठी मधस्थी करणारा जेम्स गिफन नावाचा अमेरिकन माणूस २००३ ला त्याच कायद्याखाली पकडला गेला. खटला सात वर्षं रेंगाळला आणि २०१० मधे तुरुंगवासाशिवाय किरकोळ गुन्ह्यावर संपला. आणि चिन्यांचा मुद्दा बघा, सिनेमा आला त्याच वर्षी, २००५ ला, चीनच्या सरकारी कंपनीनं युनोकॉल ही अमेरिकन तेल कंपनी घ्यायला साडेअठरा अब्ज डॉलरची बोली लावली होती, अमेरिकन संसदेत इतका गदारोळ झाला की त्यांनी बोली मागे घेतली आणि कंपनी शेव्हरॉनकडं गेली.

---

सुगंधाताई · रविवार, रात्री १०:०५

आणि राजपुत्र नासिर कुणासारखा वाटला? मला मोसद्देक आठवले. नासिर म्हणतो गॅस जो जास्त भाव देईल त्याला विकू, बायकांना मतदान देऊ, संसद आणू. म्हणजे अमेरिका भाषणात जे जे हवं म्हणते ते सगळं तो करायला निघालाय. आणि म्हणूनच तो नको असतो, धाकटा ऐकणारा भाऊ गादीवर बसतो, आणि नासिरच्या गाड्यांवर वरून क्षेपणास्त्र येतं.

मोसद्देक निवडून आलेले पंतप्रधान, १९५१ ला त्यांनी इराणचं तेल राष्ट्रीय केलं, तीच अँग्लो-पर्शियन, तोवर नाव अँग्लो-इराणियन झालं होतं. ब्रिटिशांनी त्यांचं तेल कुणी घेऊ नये अशी कोंडी केली. ऑगस्ट १९५३ मधे सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून त्यांना पाडलं. पुढच्या वर्षी जो नवा करार झाला त्यात अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. सीआयएनं स्वतःच्या कागदात हे उघडपणे कबूल केलं ते २०१३ ला, साठ वर्षांनी. पण १९७९ ची क्रांती ज्यांनी केली त्यांच्या मनात १९५३ ताजं होतं.

बॉब शेवटी नासिरला सावध करायला धावत जातो ना, तिथं मला वाटलं की हे सिनेमातच होऊ शकतं. मोसद्देकना सांगायला कुणी गाडी अडवली नव्हती.

---

खंबाटकी · रविवार, रात्री १०:४०

जुबेलकर, तुमच्या उत्तरानं माझं समाधान झालं. हजारात एक हे तुम्ही सांगितलंत ते जास्त महत्त्वाचं. मी त्या कोनातनं बघितलं नव्हतं.

---

डिझेलवाला · रविवार, रात्री १०:५५

आमच्या भागात आता सगळे म्हणतात इथेनॉलमुळं आपण ह्यातनं सुटू. ऊस आपला, कारखाना आपला, पेट्रोलमधे २० टक्के मिसळतोय. खरंय, फायदा झालाय, कारखान्यांचे पैसे लवकर येतात. पण डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला एका आदेशानं लगाम घातला तेव्हा इथं काय धावपळ झाली ती मी बघितलीय. दिल्लीतनं एक कागद निघतो आणि वाळव्यातल्या शेतकऱ्याच्या बिलावर त्याची रेघ उठते. तेल काय आणि इथेनॉल काय, कागद कुठं निघतो हे बघावं लागतंय.

कृष्णाकाठ, तुमच्या अण्णांचं राहिलं की. कुवेतला कधी होते?

---

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री १२:२०

काका, सांगतो. त्यासाठीच धागा काढला होता बहुतेक, पण सुरुवातीला लिहवलं नाही.

अण्णा १९८७ ला कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा ते तिथंच होते. कंपनीचे साहेब रातोरात गायब, तीन महिन्यांचा पगार बुडाला. त्यांचं कधी कुणावर राग काढून बोलणं नव्हतं, फक्त एवढंच सांगायचे की त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बसची वाट बघत उभे होते आणि बस आलीच नाही. मग बसरा, बगदाद, तिथनं वाळवंटातनं जॉर्डनची हद्द, तंबूत सोळा दिवस, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोन महिन्यांत भारतानं असे सुमारे १,७०,००० लोक आणले. मुंबईला उतरले तेव्हा हातात एक पिशवी. मिरजेला स्टेशनवर माझे वडील आणायला गेले तर त्यांनी ओळखलंच नाही.

ताई, तुमची पोस्ट वाचल्यावर मी नकाशा काढून बसलो. अण्णा ज्या बसऱ्यावरनं गेले तिथंच ७६ वर्षांपूर्वी ती मराठा पलटण होती.

आणि ट्रंकेतले ते फॉर्म. मी आज दिवसभर ते लावून बघितले. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाईसाठी एक आयोग नेमला होता, कुवेत सोडून जावं लागलेल्या साध्या कामगारांना ठरीव रक्कम, एका माणसाला २५०० ते ४००० डॉलर. आपल्या सरकारमार्फत अर्ज गेले. पैसे यायला वर्षं लागली, हप्त्यांनी आले. आणि हे पैसे कुठनं येत होते माहितीय का, इराकच्या तेलविक्रीतनं. इराक जेवढं तेल विकेल त्यातला एक हिस्सा कापून त्या आयोगाकडं जायचा, सुरुवातीला ३० टक्के. शेवटचा हप्ता इराकनं २०२२ ला फेडला, एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर.

म्हणजे अण्णांना जे मिळालं ते इराकच्या तेलातनं, आणि इराकमधे त्याच वर्षांत औषधाविना पोरं मरत होती हे पण खरं. अण्णांना हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या पैशातनं त्यांनी नांद्र्याच्या मळ्यात विहिरीवर मोटार बसवली आणि पाइप टाकला, पाइपाचे जोड सगळे स्वतः वेल्डिंग केले. आज संध्याकाळी जाऊन आलो. एक जोड पण गळत नाही.

---

जुबेलकर · सोमवार, पहाटे ३:४०

बसमधे बसलोय. तुमची पोस्ट आत्ता वाचली. दादा, त्या जोडांचा एक फोटो टाका जमलं तर, बघायचाय.